थ्रॉटल चालतो पण पायडल असिस्ट नाही? कंट्रोलर बदलण्याआधी हे तपासा

दादा, तुमच्या लिहिण्यावरून मला कळलं ते असं: पावसात परभणीकडच्या पांदणीतून इलेक्ट्रिक सायकल नेली, नंतर प्रेशरच्या पाण्यानं धुऊन घेतली, आणि तेव्हापासून पायडल मारलं तर मोटर उठत नाही (म्हणजे पायडल असिस्ट बंद), मुठीवरचा थ्रॉटल पिळला की मात्र पळते. मेकॅनिक म्हणतो कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा डबा, गेला. कृपा करून एवढ्यात कंट्रोलर घेऊ नका.

थ्रॉटलवर चाक फिरतंय, म्हणजे बॅटरी, मोटर आणि कंट्रोलरचा मुख्य भाग ठीक आहे. ब्रेकच्या मुठीतला कट-ऑफ (ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा स्विच) अडकला असता तर बहुतेक गाड्यांत थ्रॉटलही बंद पडला असता. उरलं काय? क्रँकजवळची (क्रँक म्हणजे पायडलचा दांडा) मॅग्नेटची चकती, पायडल फिरतंय हे तिच्यावरून ओळखणारा समोरचा सेन्सर आणि तिथून कंट्रोलरपर्यंत गेलेली तीन तारांची वायर. दोष बहुधा याच वीतभर जागेत सापडेल.

आधी डिस्प्ले बघा. असिस्टची लेव्हल 0 वर असेल तर कित्येक मॉडेलमध्ये असिस्ट बंद आणि थ्रॉटल चालू असतो. धुताना बटण दाबलं जातं, कुणाच्या लक्षात येत नाही.

मग बॅटरी बंद करून क्रँकपाशी बसा. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे बारीक काळे कण असतात. ते मॅग्नेटवर लव आल्यासारखे बसतात, नुसत्या पाण्यानं निघत नाहीत. त्यावर चिखल वाळून कडक झाला की तो सेन्सरला रेटून बाजूला सारतो. जुना टूथब्रश आणि ओलं फडकं घेऊन चकती दोन्ही बाजूंनी साफ करा, मॅग्नेट मोजा. साधारण 8 किंवा 12 असतात. एखादा निखळला असेल तर असिस्ट धक्के देत चालतो, पूर्ण बंद सहसा पडत नाही.

चकती आणि सेन्सर यांच्यातली फट 1 ते 3 मिलिमीटर हवी. मोजायला जुनं एटीएम कार्ड चालतं, त्याची जाडी जवळपास पाऊण मिलिमीटर. दोन कार्डं एकत्र सहज सरकली पाहिजेत. सहा कार्डं जात असतील तर सेन्सर लांब गेलाय, त्याची पट्टी हलकेच आत वाकवा.

आता एक गोष्ट जी हमखास राहून जाते. चकतीवर आणि क्रँकवर समोरासमोर व्हाइटनरचा ठिपका द्या, क्रँक चार-पाच वेळा पुढं फिरवा. ठिपके एकमेकांपासून सरकले तर चकतीचे आतले दाते झिजलेत, क्रँकचा आडवा एक्सल फिरतो आणि चकती जागेवरच घसरते. बघणाऱ्याला ती फिरतेय असंच वाटतं. अशी चकती चिकटवत बसू नका, बदला. दोन अर्ध्यांत उघडणारी मिळाली तर क्रँक काढावाही लागत नाही.

इथवर सगळं ठीक निघालं तर कनेक्टर. प्रेशरचं पाणी गोल कनेक्टरच्या रबरातूनही आत शिरतं. सरळ ओढून उघडा, पिळू नका, पिळलं की पिना वाकतात. हिरवट गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या, बाण जुळवून परत दाबा.

तरीही असिस्ट नाही, मग मल्टिमीटर. डीसी 20 व्होल्टवर ठेवा. मागचं चाक उचलून घ्या, कारण असिस्ट मध्येच जागा झाला तर चाक झटक्यात फिरेल. हात साखळीपासून लांब. सेन्सरजवळ वायरचं बाहेरचं रबर दोन सेंटिमीटर उभं चिरा, आतल्या तारांना टाचणी लावून मोजा. टाचण्या एकमेकींना लागू देऊ नका. बॅटरी चालू असताना लाल-काळ्यात 5 व्होल्टच्या आसपास हवेत. थ्रॉटल चालतोय आणि इथं काहीच नाही, तर बहुधा मधेच तार तुटलीय. फ्रेमला घासते ती जागा आधी बघा. 5 व्होल्ट आहेत, तर तिसरी तार आणि काळी यांच्यात मोजत क्रँक अगदी हळू पुढं फिरवा. प्रत्येक मॅग्नेटला आकडा शून्याजवळून चार-पाचपर्यंत उडाला पाहिजे. जोरात फिरवलं तर मीटर मधलाच आकडा दाखवतो आणि फसगत होते. आकडा एकाच जागी चिकटून राहिला तर सेन्सर गेला. तो कंट्रोलरच्या मानानं फारच स्वस्त आहे. घेताना पिनांची संख्या, मॅग्नेटची संख्या आणि डावी-उजवी बाजू जुळवा. उलट्या बाजूची चकती बसली तर पायडल मागं फिरवल्यावर असिस्ट मिळतो.

आकडा व्यवस्थित उडतोय आणि तरी मोटर गप्प, तेव्हा कुठं कंट्रोलरवर संशय घ्या. त्याआधी त्याच्या टोकाला, तिथल्या कनेक्टरपाशी, हीच मोजणी एकदा करा.

तुमच्या सायकलला टॉर्क सेन्सर (पायडलवरचा जोर मोजणारा) असेल तर वरची मोजणी लागू नाही. तिथं चालू करताना पायडलवर पाय नको, तोच भार तो शून्य धरतो.

क्रँक काढायची वेळ आली तर पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) वापरा. हातोडीनं ठोकून काढला की बेअरिंग जातं. बसवताना बोल्ट 35 ते 40 न्यूटन-मीटरला आवळा, पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. चिरलेल्या रबरावर सिलिकॉन लावून टेप गुंडाळा, नाहीतर पुढच्या पावसात पाणी तिथूनच आत जाईल. मोजलेले आकडे आणि चकतीचा जवळून काढलेला फोटो इथं टाका, पुढचं बघू.