संमतीपत्रावर सही केली म्हणून दाद मागता येणार नाही?

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका ताईंनी लिहिलंय : यजमानांचं हायेटल हर्नियाचं (जठराचा वरचा भाग छातीत सरकतो, त्याचं) ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. दुसऱ्याच दिवशी ताप, छातीत दुखणं. रात्री पावणेतीनला ताईंनी डॉक्टरांना व्हॉट्सॲप केलं, 'नाडी १२८ आहे.' उत्तर आलं, 'गॅस आहे.' पाचव्या दिवशी सीटी स्कॅनमध्ये अन्ननलिकेला छिद्र निघालं. पुन्हा ऑपरेशन, २३ दिवस आयसीयू, बिल ४ लाख ६० हजार. रुग्णालय म्हणतं, 'तुम्ही सही दिली होती.' पहिल्या ऑपरेशनला १४ महिने झाले.

ताई, सहीची धास्ती आधी सोडा. सही धोका पत्करण्यासाठी असते, हलगर्जीपणा माफ करण्यासाठी नाही.

पण नुसतं छिद्र पडलं म्हणून केस उभी राहत नाही, हेही ऐकून घ्या. या ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेला इजा होणं हा माहीत असलेला धोका आहे; निष्णात सर्जनच्या हातूनही ती होते. तुमची केस आहे ती नंतरच्या तीन दिवसांची. ताप, धावती नाडी, छातीतली कळ एकत्र दिसली की गळती तर नाही ना, हे तपासायलाच हवं. ते का तपासलं नाही, हा खरा प्रश्न.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर थांबू नका. लेखी अर्ज देऊन संपूर्ण केसपेपर मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ते ७२ तासांत द्यावे लागतात. मला सर्वात महत्त्वाचा वाटतो नर्सिंग चार्ट. कुठल्या तासाला नाडी किती, डॉक्टर कधी आले, हे एका कागदावर ओळीनं उतरवा. तो कागद दुसऱ्या गावच्या पोटाच्या सर्जनना दाखवून लेखी मत घ्या. प्रत्येक खटल्यात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्ये म्हटलंय. तरी अशा प्रकरणात मी त्याशिवाय पाऊल टाकणार नाही.

तक्रार इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करायची. मुदत २ वर्षांची. ती पहिल्या ऑपरेशनच्या तारखेपासूनच धरून चला, म्हणजे हातात १० महिने आहेत. उपचारांसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही : सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि तुमची शक्ती त्यातच खर्च होईल.

आणि तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. पावणेतीनचा मेसेज त्यातच आहे.