आईला रुमेटॉइड आर्थरायटिस निघालाय. औषधाबद्दल तिला सगळं सांगावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ५४. चार महिने बोटं सुजतात, सकाळी मूठ वळत नाही, तपासणीत रुमेटॉइड आर्थरायटिस निघाला आणि डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. ते कॅन्सरचं औषध आहे असं तुम्ही नेटवर वाचलंत. आई घाबरेल म्हणून तिला 'सांध्यांच्या ताकदीची गोळी' एवढंच सांगितलंत, आणि गोळी तुम्हीच काढून देता. हे असंच चालू ठेवावं का, आणि डॉक्टरांच्या पाच मिनिटांत काय विचारून घ्यावं, असं तुम्ही विचारताय.

असंच चालू ठेवू नका. आज संध्याकाळीच आईजवळ बसा आणि तिला सगळं सांगा. मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यात शाळेवर गणित शिकवते, आणि हाच आजार मला होऊन १३ वर्षं झाली.

सुरुवातीला मलाही कुणी नीट सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर वार लिहिलेला होता, पण मेडिकलवाल्याने सवयीने पाकिटावर 'सकाळी १' अशी खूण करून दिली. घरी आल्यावर चिठ्ठी फायलीत गेली आणि पाकीट समोर राहिलं. मी रोज एक गोळी घेतली. सहाव्या दिवशी तोंड आलं, इतकं की ताकसुद्धा झोंबायला लागलं. उष्णता वाढली असेल म्हणून दोन दिवस गुलकंद खाल्ला, आणि गोळी चालूच. मग थंडी वाजून ताप भरला. दवाखान्यात रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीला उतरलेल्या. आठ दिवस ॲडमिट होते. मेथोट्रेक्सेट संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, हे एक वाक्य मला माहीत असतं तर यातलं काहीच झालं नसतं. तुम्ही गावाला गेलात आणि आईने 'ताकदीची गोळी चुकायला नको' म्हणून स्वतःच रोज घेतली तर? म्हणून तिला सांगायचं.

आता त्या कॅन्सरबद्दल. हो, हे औषध आधी कॅन्सरसाठी आलं. पण तिथे डोस काही वेळा ग्रॅममध्ये मोजतात, आणि संधिवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. एवढ्या कमी मात्रेत ते पेशी मारायला दिलेलं नसतं, भडकलेली प्रतिकारशक्ती शांत करायला असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८८ मध्ये रुमेटॉइडसाठी त्याला मंजुरी दिली, आणि आजही जगभर बहुतेकांचे उपचार याच औषधाने सुरू होतात. आईला हे असंच सांगा, कॅन्सरचा शब्द न लपवता. शेजारची कुणीतरी पाकीट बघून तो शब्द उच्चारणारच आहे. त्याआधी तो तुमच्या तोंडून तिच्या कानावर गेलेला बरा.

गोळीचं आणखी थोडं, कारण चुका इथेच होतात. फॉलिक ॲसिडची गोळी सोबत दिली असेल. ती बहुधा वेगळ्या वारी असते, तिने मळमळ आणि तोंड येणं कमी होतं. मेथोट्रेक्सेट बाजारात २.५, ७.५, १० अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळतं, म्हणून पाकीट बदललं की गोळ्या मोजू नका, एकूण मिलिग्रॅम बघा. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. दुसऱ्याच आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडून देणारे खूप भेटतात, त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी, नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्ताच्या पेशी, लिव्हर आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) तपासावं लागतं. बरं वाटतंय म्हणून ती तपासणी टाळू नका. ताप, तोंड येणं, कोरडा खोकला किंवा दम लागणं यांपैकी काही झालं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा. आणि साध्या सर्दीसाठी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलात तरी मेथोट्रेक्सेटचं नाव आधी सांगायचं. ट्रायमेथोप्रिम असलेली काही नेहमीची अँटिबायोटिक्स त्याच्यासोबत घेतली तर पेशी झपाट्याने उतरू शकतात. घरात मूल होण्याच्या वयाची कुणी हेच औषध घेत असेल तर गरोदरपणात ते चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

आजार काय आहे हे आईला तिच्या भाषेत सांगता येईल. सांध्याच्या आत एक मऊ अस्तर असतं. आपल्याच शरीराची राखण करणारी यंत्रणा त्या अस्तराला परकं समजून त्याच्यावर तुटून पडते. म्हणून सूज येते, आणि सूज वर्षानुवर्षं राहिली की खालचं हाड झिजतं, बोटं वाकडी होतात. हे म्हातारपणाचं झिजणं नाही, आणि तिने काही चुकीचं खाल्लं म्हणून झालेलंही नाही. ती एकटीही नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती, त्यात दर २०० प्रौढांमागे साधारण एकाला रुमेटॉइड आढळला. एवढ्या मोठ्या गावात या बायका कुठे असतात असं मला नेहमी वाटायचं. त्या घरातच असतात, 'वात आलाय' म्हणून तेल चोळत.

डॉक्टरांच्या पाच मिनिटांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

डॉक्टर आईचे सांधे दाबून बघतील. त्यांची एक ठरलेली पद्धत आहे, २८ सांध्यांची. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, हातांच्या बोटांचे २० सांधे आणि दोन गुडघे. किती सुजलेत, किती दुखतात, त्यात ईएसआर किंवा सीआरपी (शरीरात दाह किती आहे हे दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) यांचा आकडा मिळवतात, आणि चौथी गोष्ट म्हणजे 'शून्य ते शंभरमध्ये तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय' या प्रश्नाचं रुग्णाने दिलेलं उत्तर. गणिताची शिक्षिका म्हणून मला हे कळलं तेव्हा मी ते सूत्र शोधून वहीत उतरवून घेतलं. रुग्णाचा शब्द त्यात खरोखर एक पद म्हणून बसवलेला आहे! त्या आकड्यावर डोस वाढतो किंवा औषध बदलतं. मग आईला कसं वाटतंय तो आकडा मुलाने कसा सांगायचा? 'बरी आहे तशी' असं तुम्ही म्हणालात आणि आई मान डोलावून गप्प बसली, तर सूत्रात चुकीची किंमत गेली.

आणि बघा, २८ मध्ये पावलं नाहीत. घोटे नाहीत, पायाची बोटं नाहीत. सकाळी फरशीवर पाय ठेवताना खडे टोचल्यासारखं होत असेल तर ते आईनेच सांगायला हवं, न सांगता ते मोजलं जाणार नाही.

'सकाळी किती वेळ आखडतं?' हा प्रश्न दर वेळी येतो, आणि मी वर्षभर 'बराच वेळ' असं उत्तर देत होते. मग ओपीडीच्या बाकावर एका आजींनी मला त्यांची पद्धत दाखवली. त्यांच्या पिशवीत भिंतीवरच्या कॅलेंडरची सुटी पानं होती. ज्या चौकोनात आपण 'दूध १ लि.' लिहितो, तिथे दुधाच्या आकड्याखाली पेन्सिलीने आणखी एक आकडा: ४०, ५५, ९०, ३०. उठल्यापासून ओटीवर रांगोळीची चिमूट धरता येईपर्यंतची मिनिटं. गोळीच्या वाराला लाल गोल, गोळी घेतली की त्यावर फुली. ज्या दिवशी अजिबात उठवलं नाही त्या चौकोनात फक्त एक आडवी रेघ. डॉक्टरांनी ती तीन पानं टेबलावर पसरली, वीस सेकंद बघितली आणि म्हणाले, 'डोस वाढवल्यापासून उतरलंय, पण अजून थांबायचं नाही.' आजींची शाळा चौथीपर्यंतच झालेली होती. त्या दिवसापासून मीही कॅलेंडरवर लिहिते. माझी खूण खडूची आहे: खडू तीन बोटांत धरून नाव लिहिता येतं तो क्षण. आईची खूण तिचीच असू द्या. कणीक मळणं असेल, कुकरचं झाकण फिरवणं असेल, केसांचा अंबाडा घालणं असेल.

थकवाही लिहायला सांगा. दुपारी आई आडवी झाली की घरातले 'आळस' म्हणतात, तसं आमच्याकडेही म्हणायचे. हा आजाराचाच भाग आहे. संधिवाताच्या औषधांच्या चाचण्यांत नेमकं काय मोजायचं ते ठरवणारा ओमेरॅक्ट नावाचा संशोधकांचा आंतरराष्ट्रीय गट आहे. २००२ मध्ये त्यांच्या परिषदेत रुग्णांना चर्चेला सोबत बसवलं, तेव्हा रुग्णांनी सांगितलं की दुखण्याइतकाच थकवा आम्हाला खातो, आणि तो तुमच्या यादीतच नाही. पुढे तो मोजण्याच्या गोष्टींत आला.

माहिती असल्याने दुखणं कमी होतं का, असं तुमच्या मनात येईल. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. आठवड्यातून एकदा दोन तास, सहा आठवडे, आणि शिकवणारे बरेचदा स्वतः रुग्णच. लोकांना बरं वाटलं, पण कारण शोधताना त्यांना दिसलं की कुणी व्यायाम किती वाढवला याच्याशी त्याचा फारसा मेळ बसत नाही. 'हे मला सांभाळता येईल' ही खात्री ज्यांची वाढली त्यांना जास्त गुण होता. माझा अनुभव अगदी हाच आहे. आजार कळल्यावर भीती गेली नाही, पण तिला आकार आला. काय झालं की फोन करायचा आणि काय झालं की नुसता गरम पाण्यात हात बुडवायचा, एवढं कळलं तरी रात्रीची झोप लागते.

पथ्याचं पटकन सांगते. वांगं, दही, चिंच, टोमॅटो, सगळं वातूळ म्हणून बंद करायला लोक सांगतील. ते सोडल्याने हा आजार थांबतो असा पुरावा नाही, आणि आधीच वजन उतरलेल्या बाईचं जेवण त्याने आणखी कमी होतं. युरिक ॲसिडचा आजार वेगळा, त्याचं पथ्य इथे लावू नका. मात्र कुणी बिननावाची पुडी दिली आणि दोन दिवसांत चमत्कार झाला, तर सावध व्हा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. पुडी आधीच चालू असेल तर लपवू नका, ती घेऊन डॉक्टरांकडे जा.

पुढच्या भेटीला आईला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर बसवा, तुम्ही मागे उभे राहा. आदल्या रात्री दोघांनी मिळून तीनच प्रश्न लिहा, जास्त नकोत. आपलं उद्दिष्ट काय आणि ते किती महिन्यांत गाठायचं, हा पहिला असू द्या. आजार जागा असताना एक ते तीन महिन्यांनी बघायचं आणि तीन महिन्यांत सुधारणा नसेल तर उपचार बदलायचे, अशी आताची रीत आहे, त्यामुळे हा प्रश्न कुठल्याही चांगल्या डॉक्टरला आवडेल. बाकीचे दोन आईचे.

तिला सुचले नाहीत तर विचारा, तुला पुन्हा काय करता यायला हवंय? मला हे एका डॉक्टर बाईंनी विचारलं होतं. मी म्हटलं, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पूर्ण ओळ, मध्ये हात खाली न सोडता. त्यांनी केसपेपरवर सीआरपीच्या आकड्याखाली तसंच्या तसं लिहून घेतलं. सात महिन्यांनी ती ओळ लिहून झाली. समीकरण सोडवण्याचं उदाहरण होतं, आठवी ब.