डीबीएसनंतर बोलणं बिघडलंय? ‘आजार वाढला’ मान्य करण्याआधी स्कॅनची मूळ फाइल मागा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. वडिलांचा पार्किन्सन, डीबीएस (मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवून मशीनने सतत हलका करंट देण्याचं ऑपरेशन) झालं, हाताची थरथर जवळपास गेली, पण काही महिन्यांतच बोलणं जड झालं, शब्द एकात एक मिसळतात, फोनवर तर काहीच कळत नाही, आणि जिथे ऑपरेशन झालं ते म्हणतात की मशीन उत्तम चाललंय, आजार पुढे सरकलाय. आमच्या बाबांच्या बाबतीत अगदी हेच वाक्य आम्ही ऐकलंय. मी डॉक्टर नाही, खाली लिहितोय ते एका घरचा अनुभव आणि त्या काळात जे वाचलं-विचारलं त्यातून समजलेलं, निर्णय तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनेच घ्यायचाय.

सरळ मुद्द्यावर येतो.

पार्किन्सनमध्ये आजारानेही बोलणं बिघडतं, ते खोटं नाही. आवाज बारीक होतो, एकसुरी होतो. पण करंट नको तिथे पसरल्यानेही बिघडतं आणि ते वेगळं असतं, जीभ ओढल्यासारखी, शब्द चिकटलेले, कधी तोंडाची एक बाजू किंचित खेचलेली. सबथॅलॅमिक न्यूक्लियस, म्हणजे पार्किन्सनमध्ये बहुधा जिथे इलेक्ट्रोड बसवतात तो मेंदूतला भाग, जेमतेम सेंटिमीटरभर लांब, आणि त्याला बाहेरून खेटून इंटर्नल कॅप्सूल, म्हणजे चेहरा, जीभ, हातपाय हलवायचे आदेश जिथून खाली जातात तो जाडजूड पट्टा. इलेक्ट्रोड दोन मिलिमीटर बाहेरच्या बाजूला बसला तरी थरथर थांबवणारा करंट त्या पट्ट्यालाही लागतो. कारण कुठलं ते ओळखायचा एक साधा मार्ग आहे, डॉक्टरांच्या समोर करंट हळूहळू कमी करायचा आणि बोलणं ऐकायचं. थोड्या वेळात जीभ मोकळी झाली तर संशय मशीनवर घ्यायला हरकत नाही. हे घरी रिमोटवर करू नका, स्टिम्युलेशन एकदम बंद केलं तर काही पेशंट फार वाईट अवस्थेत जातात.

आता ज्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला ते. बाबांचा लीड, म्हणजे टोकाला इलेक्ट्रोडची कडी असलेली मेंदूतली तार, डायरेक्शनल होता. म्हणजे खालचं आणि वरचं कडं अखंड, आणि मधल्या दोन पातळ्या प्रत्येकी तीन तुकड्यांत कापलेल्या, म्हणजे करंट एका दिशेला वळवता येतो. एवढी सोय डोक्यात बसवलेली असून पहिल्या ठिकाणी तीनही तुकडे एकत्र लावून ते साध्या कड्यासारखंच चालवत होते! प्रत्येक भेटीत फक्त मिलीअँपिअर वर-खाली. वाढवला की बोलणं जातं, कमी केला की थरथर येते, मग मधेच कुठेतरी थांबायचं आणि पुढची तारीख घ्यायची.

दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो, त्यांचं काम मूव्हमेंट डिसऑर्डर (हालचालींचे आजार) आणि ब्रेन इमेजिंग यातच. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, ऑपरेशनआधीच्या एमआरआयची मूळ डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनचा कॉम्प्युटरवरचा पूर्ण डेटा, कुठाय. आम्ही मोठ्या उत्साहाने फिल्मचं पाकीट काढलं. फिल्मचा उपयोग नाही म्हणाल्या, कारण ऑपरेशनआधीचा एमआरआय आणि नंतरचा पातळ काप असलेला सीटी कॉम्प्युटरवर एकावर एक बसवले तरच लीड नक्की कुठे आहे ते दिसतं, आणि लीडवरच्या खुणेची सीटीत जी सावली पडते तिच्यावरून तुकडे कुठल्या दिशेला तोंड करून आहेत ते काढता येतं. सीटी नव्याने झाला, उलट तो जास्त बरा, कारण ऑपरेशननंतर लगेच काढलेल्या सीटीत कवटीत हवा असते आणि मेंदू किंचित सरकलेला असतो. पण आधीचा एमआरआय पुन्हा कुठून आणणार? आत धातू गेल्यावर एमआरआय करायला अटी येतात आणि लीडच्या आजूबाजूचं चित्र बिघडतं ते वेगळंच.

मग सुरू झाल्या पहिल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाच्या खेपा. आधी म्हणे लेखी अर्ज द्या. दिला. मग म्हणे अर्ज पेशंटच्याच सहीचा हवा. बाबांनी सही केली तर म्हणे जुन्या सहीशी जुळत नाही. अहो, पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं हे लक्षणच आहे, त्याच आजाराचं ऑपरेशन तुमच्याच इमारतीत झालंय, आणि खिडकीमागचा माणूस सही छोटी आली म्हणून कागद परत करतो! त्यानंतर ‘रॉ डेटा बाहेर देत नाही’, त्यानंतर ‘साहेब रजेवर’. या सगळ्यात महिनेच्या महिने गेले आणि तेवढा काळ बाबांनी घरात बोलणंच सोडून दिलं होतं, कुणी काही विचारलं की नुसती मान हलवायचे. त्याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी डॉक्टरांनी थेट रेडिओलॉजी विभागाला पत्र लिहिलं आणि तिथल्या टेक्निशियनने फाइली सीडीवर काढून दिल्या. म्हणजे डेटा होता, सगळा वेळ तिथेच होता. तेव्हा तुम्ही रेकॉर्डच्या खिडकीवर वेळ घालवू नका, रेडिओलॉजीत विचारा, डॉक्टरांचं पत्र घेऊन जा.

चित्र जुळवल्यावर डाव्या बाजूचा लीड थोडा बाहेर, कॅप्सूलकडे झुकलेला दिसला. मग बाबांना खुर्चीत बसवून आठवड्याचे वार मोठ्याने म्हणायला लावले, एका हाताची मूठ उघड-बंद, आणि डॉक्टर एकेक तुकडा तपासत करंट वाढवत होत्या. बाहेर तोंड असलेल्या तुकड्यावर ‘गुरुवार’लाच जीभ अडली. आत तोंड असलेल्यावर तेवढ्याच करंटला रविवारपर्यंत स्वच्छ आले आणि मूठही झटपट चालत होती. आवाज अजूनही बारीक आहे, तो आजाराचा भाग, त्यासाठी स्पीच थेरपी चालू आहे. पण शब्द कळतात.

माझं ठाम मत, पटलं तर घ्या: ऑपरेशन म्हणजे अर्धंच काम. फ्रेंच न्यूरोसर्जन बेनाबिद यांनी ग्रनोबलला 1987 मध्ये थरथरीसाठी थॅलॅमस या मेंदूतल्या खोल भागामध्ये कायमचं स्टिम्युलेशन सुरू केलं तेव्हापासून इलेक्ट्रोड नेमका कुठे आहे हाच प्रश्न मुख्य आहे. आता संशोधन त्याच्याही पुढे गेलंय, आंद्रेआस हॉर्न, मायकेल फॉक्स वगैरे मंडळींनी 2017 मध्ये दाखवलं की इलेक्ट्रोडची जागा मेंदूच्या कुठल्या भागांशी जोडलेली आहे यावरून सुधारणेचा काही अंदाज बांधता येतो. हे अजून मुख्यतः संशोधनातलं आहे, पण लीडची जागा चित्रावर बघणं हे संशोधन राहिलेलं नाही, ते तुम्ही हक्काने मागू शकता.

नवीन अ‍ॅडाप्टिव्ह मशीन लावा असं कुणी सुचवलं तर थांबा जरा. ते मेंदूतल्या बीटा लहरी, साधारण 13 ते 30 हर्ट्झ, वाचून करंट आपोआप कमी-जास्त करतं, अमेरिकेत 2025 मध्ये मंजुरीही मिळाली, चांगलंच आहे. पण लीड सरकलेला असेल तर ते मशीन त्याला जागेवर आणणार नाही. आणि डाटस्कॅन (मेंदूचा एक खास स्कॅन) पुन्हा करून काय मिळणार असं मला वाटतं, तो डोपामिनच्या पेशी कमी झाल्यात का ते सांगतो, बोलणं का बिघडलं ते नाही. (तुमच्या डॉक्टरांकडे वेगळं कारण असेल तर अर्थात त्यांचं ऐका.)

विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. फिजिओथेरपीत कुणी डायथर्मीचा, म्हणजे मशीनच्या विद्युत लहरींनी आतून ऊब देणारा, शेक देऊ लागलं तर स्पष्ट नाही म्हणा, लीड तापून मेंदूला इजा होऊ शकते. आणि दुसऱ्या कशासाठी अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड आणि भ्रम झाला तर हॅलोपेरिडॉल देऊ नका हे केसपेपरवर लिहून घ्या, दोन्हींनी पार्किन्सन बिघडतो.

तुम्ही आत्ता प्रोग्रॅमिंगचा प्रिंट मागून घ्या. त्यात लीडचा प्रकार असतो, प्रत्येक बाजूला कुठले काँटॅक्ट (लीडवरची कडी किंवा तुकडे) मायनस, म्हणजे उत्तेजनासाठी चालू, आहेत ते असतं, करंट, पल्स विड्थ (करंटचा एक ठोका किती वेळ टिकतो), फ्रीक्वेन्सी (सेकंदाला किती ठोके) असते. बहुतेक ठिकाणी 60 मायक्रोसेकंद आणि 130 हर्ट्झच्या आसपास सुरुवात होते, यातही बदल करून बोलणं सुधारायला वाव असतो. एकाच पातळीचे तीनही तुकडे मायनस दिसले तर तोच कागद घेऊन डॉक्टरांना विचारा की एकेक तुकडा वेगळा तपासलाय का, आणि तपासला असेल तर त्याची नोंद दाखवा म्हणा. काय म्हणतात ते इथे लिहा, मी बघत असतो.