चॉकलेटवरचे पांढरे डाग

प्रश्न : काका, माझ्या दप्तरात तळाशी एक चॉकलेट आठवडाभर राहून गेलं. उघडलं तर वर पांढरट डाग! आई म्हणाली, बुरशी आहे, टाक. खरंच चॉकलेटला बुरशी येते का? – सहावीतला एक वाचक

उत्तर : टाकायची जरा घाईच झाली की रे! बुरशी असती तर कापसासारखी लव दिसली असती, वासही आला असता. तुझ्या चॉकलेटवर आलं होतं ते बहुतेक लोणी. दुधाचं नव्हे, कोकोच्या बियांतलं.

या बियांच्या वजनात साधारण निम्मी चरबी असते. तिला आम्ही चॉकलेट करणारे कोको बटर म्हणतो. ते ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडं खालीच. चॉकलेट न चावताही जिभेवर विरघळतं ते म्हणूनच. आता त्याचा खोडकरपणा ऐक. हे बटर सहा वेगवेगळ्या प्रकारांनी गोठतं, आणि त्यातला पाचवाच आम्हाला हवा असतो. तो जमला तर वडी चकाकते आणि मोडताना ‘टक्’ वाजते.

मी पहिल्यांदा घरी चॉकलेट केलं तेव्हा हे ठाऊक नव्हतं. वितळवलं, साच्यात ओतलं, झोपलो. सकाळी साच्यातून निघाली करड्या ठिपक्यांची भुसभुशीत ढेकळं. आता गडद चॉकलेट ४५ अंशांच्या पुढे नेऊन पूर्ण वितळवतो, ढवळत ढवळत २७-२८ वर आणतो आणि परत ३१-३२ पर्यंत चढवतो. याला टेंपरिंग म्हणतात. दप्तरात तुझं चॉकलेट उन्हाने मऊ झालं, पुन्हा गोठलं, आणि टेंपरिंग बिघडून बटर वर आलं.

गंमत म्हणजे वडीचा जन्मच या बटरमुळे झाला. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले जुन्या काळचे माया आणि अ‍ॅझ्टेक लोक कोको प्यायचे; फेस यावा म्हणून एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतायचे. युरोपातही तो बराच काळ पेयच होता, फक्त गोड आणि तेलकट. १८२८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्हॅन हाउटेन यांनी बिया दाबून बरंचसं बटर काढून टाकायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. मागे उरली ती कोको पावडर. मग १८४७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने उलटाच उद्योग केला : पावडर आणि साखरेत वितळलेलं बटर घातलं आणि ते साच्यात ओतलं. काढून टाकलेल्या वस्तूनेच वडी बांधली गेली! दुधाचं चॉकलेट स्वित्झर्लंडमध्ये डॅनिएल पीटर यांनी केलं, १८७५ च्या सुमारास.

पुढच्या वेळी डाग दिसला तर त्यावर बोट घास. उबेने तो विरघळून गेला तर बटर. खरखरीत लागला तर साखर : ओल लागली की साखर त्यात विरघळते, आणि पाणी उडालं की तिचे कण वर राहतात. दोन्ही खायला चालतात. चव थोडी फिकी लागेल एवढंच. नाहीतर गरम दुधात ढवळून टाक, डाग कुठे होता ते आईलाही सांगता येणार नाही. आणि हो, फ्रिजमधून काढलेल्या चॉकलेटचा कागद लगेच सोडू नकोस, गार वडीवर दव धरतं.