अण्णांनी उचललेलं बोट

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज परवा रात्री वाचला. उत्तर लगेच दिलं नाही, कारण दोन ओळींत भागणारं ते नव्हतं. आज दुपारी निवांत बसले आहे.

तुझ्या मोटारसायकलला बाबा 'नाही' म्हणाले, आईने ताटं वाढता वाढता मान हलवली आणि आत्या म्हणाली, "पोरीच्या जातीला गियरची गाडी कशाला?" हे सगळं तू लिहिलंस. आणि शेवटी लिहिलंस की मैत्रिणीच्या नावावर गाडी घेते, तिच्याच सोसायटीत लावते, घरी कळूच देत नाही. त्या शेवटच्या वाक्याने माझी झोप गेली, कारण ते मी एकदा करून बसले आहे.

1994 सालची गोष्ट. मी पेठ तालुक्यात एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, राहायला पंचवटीत. सकाळची एसटी पकडायची, फाट्यावर उतरायचं आणि पुढे पाड्यांवर पायी. खांद्याला लसीचा डबा, त्यात चार आइस पॅक. पावसाळ्यात शेवटच्या पाड्यावर पोचेपर्यंत दुपार टळून जायची आणि परतीची गाडी चुकली की फाट्यावर अंधारात उभं राहायचं. मी पतपेढीचं कर्ज काढून एका दूधवाल्याची जुनी बजाज एम-80 घेतली. गियर डाव्या मुठीत, किक मारून सुरू होणारी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला लागायचं. त्या ऑइलचा वास पदराला बसायचा आणि घरात शिरण्याआधी मी पदर नळाखाली धुवायचे. गाडी पेठ नाक्याजवळ एका मैत्रिणीच्या अंगणात लावत होते. यजमानांना माहीत होतं. "अण्णांना मी सांगतो," असं ते रोज म्हणायचे आणि सांगायचे नाहीत.

अण्णा म्हणजे माझे सासरे. एसटीत चालक होते. मी एकदा विषय काढला तेव्हा एवढंच म्हणाले होते, "घाटात दुचाकी नाही." मी 'का' म्हणून विचारलंच नाही. मनात ठरवून टाकलं की सुनेने गाडी हाणलेली यांना खपत नाही, चार लोकांत मान खाली जाईल असं यांना वाटतं. महिनाभर माझा खेळ चालला. मग एके दिवशी सावळ घाट उतरताना मागून एसटीचा हॉर्न आला, मी कडेला घेतलं, गाडी शेजारून पुढे गेली. चालकाच्या खिडकीत अण्णा होते. पांढरी साडी, पदर खोचलेला, मागे लसीचा डबा बांधलेला. न ओळखण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या रात्री ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन महिने माझ्याशी शब्द नाही. पाणी दिलं तर घ्यायचे, पण वर पाहायचे नाहीत. पोरी, मी आजवर बाळंतपणं केली आहेत, सर्पदंशाचे रोगी बैलगाडीतून नेले आहेत, पण त्या दोन महिन्यांइतकं जड काही आठवत नाही. गाडीचा आनंद पार आटून गेला होता.

मग एका रविवारी म्हणाले, "उद्या माझ्या गाडीने चल. पुढे बस." नाशकाच्या सीबीएस बसस्थानकावरून गाडी निघाली. चालकाशी बोलू नये अशी पाटी डोक्यावर होतीच आणि अण्णा नियमाचे पक्के. निघण्याआधी एवढंच सांगितलं, "मी स्टिअरिंगवरून बोट उचललं की ती जागा ध्यानात ठेव." पेठला पोचेपर्यंत त्यांनी अकरा वेळा बोट उचललं. उजव्या हाताचं पहिलं बोट, क्षणभर, आणि पुन्हा स्टिअरिंगवर.

रात्री जेवण झाल्यावर एकेक जागा त्यांनी उलगडून सांगितली. इथे दोन्ही बाजूंनी झाडी आहे, दुपारपर्यंत रस्ता सुकत नाही. इथे पहिल्या पावसात डोंगराचा मुरूम वाहून रस्त्यावर येतो. ह्या वळणावर गुजरातकडून येणारे ट्रक डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले असतात, ब्रेक तापलेले असतात, तू तुझ्या बाजूने आलीस तरी ते त्यांच्या बाजूने येतीलच असं धरू नकोस. इथे दिवेलागणीला गुरं उतरतात, पुढची गाय गेली की थांबून राहा, मागे वासरू असतं. किती वर्षांचं ज्ञान होतं ते! आणि ते सगळं त्या एका 'नाही'च्या आत बंद होतं. मी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी मिळालं असतं.

म्हणून तुला माझं सांगणं असं की बाबांच्या 'नाही'शी भांडू नकोस, त्याच्या आत काय आहे ते मागून घे. तुझे बाबा सिडकोतून अंबडला तीन पाळ्यांमध्ये अठरा वर्षं गाडीवर जातात. त्यांना काहीच माहीत नसेल असं तुला खरंच वाटतं का? "तुम्हाला भीती कसली वाटते?" असं मोघम विचारलंस तर ते "अगं, रस्ते वाईट आहेत" एवढंच म्हणतील. त्यापेक्षा विचार, "रात्रपाळीहून येताना तुम्ही कुठे स्लो करता? कुठे कधीच ओव्हरटेक करत नाही? तुमची गाडी कधी घसरली होती, आणि कुठे?" माणूस जागा सांगायला लागला की त्याचा आवाज बदलतो.

त्यांची भीती उगाच आहे असं मात्र स्वतःला समजावू नकोस. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली आणि त्यांतली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांवर. आपल्या नाशकात 15 ऑगस्ट 2021 पासून हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असा नियम लावला होता, तेव्हा पंपावर एकाचं हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर चढताना मी पाहिलं आहे. पेट्रोल मिळालं की ते परत द्यायचं. अशा शहरात बापाने पोरीसाठी घाबरू नये तर काय करावं?

आता तुझ्याबद्दल. घरात तू गाडी नोकरीसाठी लागते असं सांगितलंस. लॅबसाठी सॅम्पल गोळा करायला सातपूर, गंगापूर रोड, कधी गिरणाऱ्यापर्यंत जावं लागतं, हे खरंच आहे. पण बाबा म्हणाले, "मग स्कूटी घे," आणि तुझ्याकडे उत्तर नव्हतं. असणारच नाही, कारण ती कामं स्कूटीनेही होतात. तुला मोटारसायकल आवडते म्हणून हवी आहे. शाळेत होतीस तेव्हापासून तू बाबांच्या गाडीची चेन साफ करायला बसायचीस, हे तूच मला सांगितलं आहेस. मग तेच सांग ना त्यांना! आवडतं म्हणणं यात कमीपणा कसला? गरजेच्या आडून मागितलं की समोरचा गरज भागवून मोकळा होतो. आवड सांगितलीस तर निदान बोलणं खऱ्या गोष्टीवर होईल.

आत्याच्या बोलण्याला उत्तर देऊ नकोस. मला तीस वर्षांत द्यावं लागलं नाही. 1995 च्या डिसेंबरात पल्स पोलिओची पहिली देशव्यापी मोहीम झाली तेव्हा मी एका दिवसात जितके पाडे केले तितके पायी दोन दिवसांत झाले नसते. पाड्यावरच्या बाया हँडलकडे बघत नव्हत्या, डब्याकडे बघत होत्या.

मैत्रिणीच्या नावावर गाडी घेण्याचं मनातून काढून टाक, आणि ते फक्त घरच्यांसाठी नाही. गाडीच्या कागदावर जिचं नाव ती मालक. मालक-चालकासाठी जो 15 लाखांचा अपघाती विमा असतो तो मालकालाच लागू होतो आणि तेही लायसन वैध असेल तरच. तू चालवत असताना उद्या काही झालं तर तुला ते संरक्षण नाही, आणि तिच्या मागे मात्र कोर्टाची फेरी लागेल. शिवाय तुझं लायसन बिनगियरचं आहे, हे तू विसरली असशील. गियरच्या गाडीसाठी नव्याने शिकाऊ परवाना काढावा लागतो, तो सहा महिने चालतो आणि तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. म्हणजे एक महिना तुझ्या हातात आहेच. त्या महिन्यात बाबांच्याच गाडीवर, त्यांना मागे बसवून शिक. गाडीला पुढे आणि मागे 'एल' लावायचा, पाठीमागे शिकवणारा लायसनवाला बसवायचा, कायदाही तेच सांगतो. पेठ रोडवरच्या आरटीओत परीक्षेला जाशील तेव्हा त्यांनाच घेऊन जा.

गाडी कुठली, तर ती साडेतीनशे सीसीची आत्ता नको. मला माहीत आहे तुझ्या फोनवर तिचाच फोटो आहे. पण तिचं वजन 190 किलोच्या आसपास, तुझं पन्नास. रस्त्यावर पळताना वजन जाणवत नाही. जाणवतं ते उतारावर पार्किंगमधून मागे ओढताना, आणि सिग्नलला एक पाय खड्ड्यात पडतो तेव्हा. सिंहस्थाच्या कामांनी सध्या निम्मं शहर खणलेलं आहे, 2027 उजाडेपर्यंत हे चालणार. पहिली गाडी दीडशेच्या आसपासची घे, दोन्ही तळवे जमिनीला टेकतील अशी. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे. चौकात सांडलेल्या खडीवर घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला जातो तेव्हा ते चाक जाम होऊ देत नाही. मला ते असतं तर 2003 साली मायको सर्कलजवळ वाळूवर पडले नसते. कोपरावर वण अजून आहे. तिथे अण्णांचं बोट नव्हतं, ती जागा माझी मलाच सापडली.

पैशाचं कागदावर मांडून बाबांपुढे ठेव. 90,000 चं कर्ज तीन वर्षांसाठी 11 टक्क्यांनी घेतलंस तर हप्ता साधारण 2,950 बसतो, एकूण व्याज सोळा हजार. रोज चाळीस किलोमीटर, महिन्याचे सव्वीस दिवस, लिटरला पंचेचाळीसची सरासरी धरलीस तर पेट्रोल 2,400 च्या घरात. सर्व्हिसिंग आणि विम्यासाठी महिन्याला पाचशे-सहाशे बाजूला. म्हणजे सहा हजारांच्या आसपास. तुझ्या 17,000 पगारातून धाकट्याच्या फीला हातभार लावून हे बसतं का, ते तूच ठरव, आणि बसत नसेल तर सहा महिने थांब. 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे शोरूमवाला "मॅडम, आत्ताच बुक करा" म्हणेल. त्याच्या घाईने जाऊ नकोस.

आणखी एक, बारीकशी गोष्ट. ओढणी घालून गाडीवर बसायचं नाही. साडी गार्ड मागच्या चाकाला असतं ते मागे बसणाऱ्या बाईसाठी. वाऱ्याने मागे उडालेली चालवणारीची ओढणी त्याने थांबत नाही. मी पदर कमरेला घट्ट खोचून वर ऍप्रन बांधायचे, तू सरळ शर्ट-पँट घाल. आईला हे आधी सांग. तिची मान कशासाठी हलली ते मला ठाऊक नाही, पण तुझ्या शेजारच्या गल्लीतली ओढणीची ती घटना तिने जवळून पाहिली आहे, हे लक्षात ठेव.

आणि हे सगळं करूनही बाबा 'नाही'च म्हणाले तर? तू एकवीस वर्षांची आहेस, कमावतेस, कायदा तुझ्या बाजूने आहे. तेव्हा त्यांना तोंडावर सांगून घे. "बाबा, मी अमुक तारखेला गाडी आणते आहे, तुम्ही आलात तर बरं वाटेल," असं म्हण. ते येणार नाहीत कदाचित. काही दिवस बोलणारही नाहीत. पण तुला पदर नळाखाली धुवावा लागणार नाही, आणि तुझ्या नकळत ते मागून हॉर्न वाजवत येणार नाहीत.

येत्या रविवारी बाबांच्या मागे बस आणि अंबडपर्यंत जाऊन या. त्यांना म्हण, जिथे जपायचं तिथे बोट उचला. वही घेऊन जा, जागा लिही, घरी आल्यावर प्रत्येक जागेचं कारण विचार आणि ती यादी मला पाठव. मला बघायची आहे.

माझं जुनं हेल्मेट तू मागितलंस, ते देणार नाही. ते माझ्याबरोबर एकदा पडलं आहे, आणि पडलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी आतलं थर्माकोल एकदाच मार खातं. नवं मी घेऊन देते, आयएसआयचं. शिवणाचा टेप भुवयांच्या वर एक बोट ठेवून डोक्याभोवती फिरव, केस मोकळे नकोत, बांधलेले असू देत, आणि आकडा सेंटिमीटरमध्ये कळव.

तुझी,
मावशी