स्वस्त इलेक्ट्रिक गिटारला वेगळे मागवलेले सुटे भाग बसतात का?

आपला प्रश्न असा आहे की, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या धर्तीवरच्या आपल्या चिनी गिटारचे आवाजाचे बटण फिरवताना खरखर होते, ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) सैल झाले आहेत, तर चांगल्या प्रतीचे पॉट (बटणाखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) आणि ट्यूनर मागवल्यास ते जसेच्या तसे बसतील का. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात भीमगीतांच्या आणि भजनाच्या मंडळांची वाद्ये दुरुस्त करतो. भाग बसतात, परंतु आधी माप घेतले असेल तरच.

गोंधळाचे मूळ हे की अमेरिकी भाग इंचाच्या मापात घडवलेले असतात आणि आशियाई बनावटीचे बहुतेक भाग मिलिमीटरच्या. अमेरिकी पद्धतीच्या पॉटचा आटे असलेला गळा सुमारे ९.५ मिलिमीटर जाड असतो. स्वस्त गिटारमधल्या छोट्या पॉटचा ७ ते ८ मिलिमीटर. दांड्यावरचे दातेही पहिल्याला २४ आणि दुसऱ्याला सहसा १८ असतात, त्यामुळे जुने बटण नव्या पॉटवर दाबून बसवायला गेले की चिरते. हे ठाऊक नसताना मी एका मंडळाच्या गिटारच्या प्लास्टिक पट्टीतले छिद्र ड्रिलने मोठे करायला गेलो. बिट अडकला, पट्टी कडेपर्यंत तडकली, आणि १४ एप्रिलचा कार्यक्रम दोन दिवसांवर आला होता. आता मी गोल कानस वापरतो आणि मधूनमधून पॉट घालून पाहतो. माप फूटपट्टीने घेऊ नका; ट्रॅक्टरची कामे करणाऱ्या लेथवाल्याकडे व्हर्नियर (मिलिमीटरचा भागही दाखवणारे मापयंत्र) असतो आणि पाच मिनिटांसाठी तो कोणी नाकारत नाही. पिकअप म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणारा भाग; एका वेटोळ्याच्या म्हणजे सिंगल कॉइल पिकअपसाठी २५० किलोओहमचा पॉट घ्यावा, दोन वेटोळ्यांच्या म्हणजे हंबकरसाठी ५०० चा.

ट्यूनरच्या बाबतीत गिटारच्या डोक्यातले खुंटीचे छिद्र मोजावे, कारण आधुनिक ट्यूनरना सुमारे १० मिलिमीटरचे छिद्र लागते आणि जुन्या पद्धतीच्यांना त्याहून लहान. स्क्रूची जुनी भोके जुळली नाहीत तर त्यांत फेव्हिकॉल लावलेली बांबूची काडी ठोकून, रात्रभर वाळवून, बारीक बिटाने नवे भोक पाडावे. नव्या स्क्रूला थोडे मेण चोळले तर तो लाकडात तुटत नाही.

सोल्डरिंग करताना पॉटच्या पाठीवर अर्थची तार जोडणे सर्वांत त्रासाचे, कारण तो पत्रा उष्णता शोषून घेतो. २५ वॉटचे लहान सोल्डरिंग आयर्न तिथे बराच वेळ टेकवून ठेवावे लागते आणि तेवढ्यात आतला कार्बनचा पट्टा भाजतो. ४० ते ६० वॉटचे घ्यावे. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज इतके पडते की तेही नीट तापत नाही, म्हणून हे काम मी सकाळीच उरकतो.

मात्र पॉट मागवण्यापूर्वी एक करून पाहावे. कापसाच्या हंगामात आमच्याकडे येणाऱ्या खरखरीच्या गिटारांपैकी बऱ्याच केवळ धुळीने बिघडलेल्या असतात. पॉटच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेच्या जोडांची घाण काढणारा स्प्रे) मारून बटण वीस-पंचवीस वेळा दोन्ही टोकांपर्यंत फिरवले की त्या पुन्हा वाजू लागतात.