६५ इंची टीव्ही, १८ हप्ते आणि लेकीची एसआयपी

प्रश्न : आम्ही सांगलीला राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ७१ हजार. गृहकर्जाचा हप्ता १८,६००, घरखर्च साधारण ४२ हजार, दुसरीतल्या मुलीच्या शिक्षणासाठी म्युच्युअल फंडात दरमहा ४ हजारांची एसआयपी. अडीअडचणीसाठी ६० हजारांची एफडी आहे. जुन्या ३२ इंची टीव्हीवर आता उभी रेघ येते आणि सासऱ्यांना क्रिकेटचा स्कोअर वाचता येत नाही. दुकानात ६५ इंची फोर-के टीव्ही ८९,९९० ला आहे, १८ महिने 'नो कॉस्ट' हप्ता. रोख घेतला तर ४ हजार कमी. ५५ इंची ४६,५०० ला मिळतोय. हप्त्यावर मोठा घेऊन तेवढे महिने एसआयपी थांबवावी, की एफडी मोडावी? विक्रेता म्हणतो, पुढचा विचार करायचा तर एट-के घ्या.

उत्तर : ताई, पत्रासोबत हॉलचा नकाशा काढून पाठवलात, ते फार बरं केलंत. सोफा टीव्हीच्या भिंतीपासून ८ फुटांवर आहे. माझा निम्मा निर्णय त्या आकड्यावरच झाला.

फोर-के म्हणजे पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके, एकूण सुमारे ८३ लाख. फुल एचडीत साधारण २१ लाख, म्हणजे चौपट फरक. पण डोळ्यालाही मर्यादा आहे. एका ठरावीक अंतरापलीकडे शेजारचे दोन ठिपके त्याला वेगळे दिसत नाहीत. ५५ इंची पडद्यावर फुल एचडीसाठी ते अंतर सव्वासात फुटांच्या आसपास येतं आणि ६५ इंचीवर साडेआठ फुटांच्या जवळ. तुमच्या ८ फुटांवरून ५५ इंचीवरचं चांगलं फुल एचडी चित्र आणि फोर-के चित्र यांत निरोगी डोळ्यालाही फरक कळणं कठीण. ६५ वर कळला तर जेमतेम. एट-के म्हणजे ३.३ कोटी ठिपके. त्या दर्जाचं बघायला आपल्याकडे जवळजवळ काही येतच नाही, आणि आलं तरी ८ फुटांवरून ते दिसणार नाही. तो विषय इथेच सोडा.

मग फोर-के घेऊच नये का? तसं नाही. आज ५० इंचांच्या वरचे बहुतेक सगळे टीव्ही फोर-केच असतात, त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. खरी किंमत ठरते ती पॅनलवर: पडदा किती उजळतो, काळा रंग किती काळा दिसतो, बाजूने पाहिल्यावर रंग फिके पडतात का. खोक्यावर 'एचडीआर' छापलेलं असतं. त्यात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ ऐवजी १,०२४ छटा मिळतात, पण पडद्यात तेवढा उजेडच नसेल तर त्या छटा दिसणार कुठून? म्हणून दुकानातल्या झगझगीत डेमोवर जाऊ नका. मोबाइलवरून रोजची मालिका लावायला सांगा, एखादा अंधाराचा प्रसंग बघा, आणि ८ फूट मागे सरकून बघा. नकाशात मुलीची बसायची जागा खिडकीपाशी, पार कडेला दाखवली आहे. तिथून कसं दिसेल तेही उभं राहून पाहा.

आता सासऱ्यांचा प्रश्न. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांना अक्षर मोठं दिसायला हवं. ३२ वरून ५५ ला गेलात की तोच स्कोअर पावणेदोन पट मोठा होईल. पण ते बातम्या आणि सामने जुन्या केबल बॉक्सवर, लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरीने बघतात असं तुम्ही लिहिलंय. त्या चित्रात आडव्या रेषा जेमतेम ५७६. पडदा जितका मोठा तितकं ते ताणलं जाणार आणि ६५ इंचीवर जास्तच धुरकट दिसणार. नव्वद हजार घालून त्यांना आजच्यापेक्षा भुरकट चित्र दिसलं तर मला फार वाईट वाटेल. केबलवाल्याकडून एचडी बॉक्स घ्या, त्यांचे पाच-सहा चॅनेल एचडीत घ्या आणि बॉक्स एचडीएमआय केबलने जोडा. त्यांच्यासाठी एवढी एकच गोष्ट ६५ इंचांपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

एक खर्च तुमच्या हिशेबात आलेला नाही. तुम्ही नेटफ्लिक्सचा १९९ रुपयांचा प्लॅन वापरता. त्यात चित्र ७२०पीच्या (उभे ७२० ठिपके, फुल एचडीपेक्षाही कमी) पुढे जात नाही. फोर-के हवं तर सध्याच्या दराने ६४९ चा घ्यावा लागतो, म्हणजे महिन्याला ४५० आणि वर्षाला ५,४०० जास्त. टीव्ही सात वर्षं चालला तर ३७,८००, जवळजवळ दुसऱ्या टीव्हीची किंमत. तुम्ही आहे तोच प्लॅन ठेवावा, फार तर एखाद्या सुट्टीच्या महिन्यात वरचा घ्यावा. तुमच्या ४० एमबीपीएसच्या नेटला फोर-के जड जात नाही, त्याला १५ पुरतात.

हप्त्याकडे येऊ. रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याजाच्या योजनांना २०१३ मध्येच आळा घातला. त्यामुळे 'नो कॉस्ट'मध्ये व्याज असतंच, फक्त तेवढी सूट किमतीत आधी दाखवलेली असते. क्रेडिट कार्डाचा दर १६ टक्के धरला तर तुमच्या १८ हप्त्यांत साडेदहा हजारांच्या आसपास व्याज बसतं. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे १,९०० रुपये, तुमच्या खिशातून जातो. प्रक्रिया शुल्क जीएसटीसह साडेतीनशे धरा. रोखीची ४ हजारांची सूटही जाते. म्हणजे बिनखर्चाच्या म्हणवणाऱ्या या योजनेला साधारण सव्वासहा हजार पडतात. एखादा हप्ता चुकला तर कार्डाचं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांच्या घरात जातं, ते वेगळंच.

पण मला सव्वासहा हजारांपेक्षा एसआयपी जास्त खुपते. १८ महिने थांबवलीत तर ७२ हजार जमा व्हायचे राहतील. वर्षाला १० टक्के वाढ धरली (ही खात्री नव्हे, अंदाज), तर दहा वर्षांत त्याचे एक लाख ७५ हजारांच्या आसपास झाले असते. तेव्हा लेक बारावीत असेल आणि नेमके तेव्हाच ते लागतील. एसआयपीला हात लावू नका.

एफडीलाही नाही. हप्ता आणि घरखर्च धरून तुमचा महिना ६०,६०० चा आहे, म्हणजे तुमच्याकडे एक महिन्याची सोयसुद्धा पुरती नाही. घरात पंचाहत्तरीच्या जवळ आलेले वडीलधारे असताना तीन महिन्यांची तरी हवी. काटेकोरपणे सांगायचं तर आधी ती भरा, टीव्ही नंतर. पण चार माणसं रोज चार-पाच तास वापरणार त्या वस्तूसाठी तुम्हाला दोन वर्षं थांबवणं मला पटत नाही. सासऱ्यांनी सामने बघायचे ते आत्ता.

म्हणून ५५ इंची घ्या, रोखीने, दिवाळीला. खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिन्याला ६,४०० उरतात. जून ते ऑक्टोबर ३२ हजार होतील. मिस्टरांचा १८ हजारांचा बोनस धरला की पन्नास. टीव्ही, एचडी बॉक्स आणि भिंतीचा स्टँड त्यात बसेल. ही रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवा, नाहीतर गणपतीच्या खर्चात विरून जाते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. रेघ तोवर सोसावी लागेल. नोव्हेंबरपासून तेच ६,४०० दर महिन्याला एफडीशेजारी रिकरिंग डिपॉझिटमध्ये टाका.

घासाघीस करताना एवढं लक्षात असू द्या की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. दुकानदार आधीची छापील किंमत दाखवून सूट सांगत असेल तर ती जीएसटीचीच कपात आहे का ते विचारा. सर्व्हिस सेंटर सांगलीत आहे की पुण्याहून माणूस येणार, आणि पॅनलची वॉरंटी किती वर्षांची, हे बिलावर लिहून घ्या. वॉरंटी संपल्यावर पॅनल गेलं तर दुरुस्ती बहुतेक परवडत नाही. चार-पाच वर्षांनी ॲप जुनी झाली म्हणून टीव्ही बदलू नका, वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावली की काम भागतं.

खोका सोडताना डिलिव्हरीच्या माणसासमोरच टीव्ही चालू करून पडदा कोपऱ्यांपर्यंत बघा. आणि स्टँड भिंतीत ठोकण्याआधी सासऱ्यांना त्यांच्या खुर्चीत बसवून उंची विचारा.